ऑनलाइन दुकानातला फोटो कोणाचा? आधी त्याचा सातबारा बघा

फणसपोळीचा तो फोटो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. केळीच्या पानावर सोनेरी चौकोन, बाजूला दोन पिकले गरे, मागे चिऱ्याची भिंत. आमच्या घरच्या मालाची वेबसाइट पहिल्यांदा उभी केली तेव्हा मी तो गुगलवर शोधला, डाउनलोड केला आणि आमच्या फणसपोळीच्या पानावर लावला. मनात शंका आली होती, पण काकी म्हणाली, "आमच्या फणसपोळयेसारखोच दिसता मा तो, मगे काय?" आणि मला ते पटलं. दोन महिन्यांनी एका छायाचित्रकाराचा मेल आला. फोटो त्याचा होता, मूळ फाइल त्याच्याकडे होती आणि आमच्या पानाचे स्क्रीनशॉट त्याने तारखेसकट जोडले होते. त्याचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं. मी माफी मागितली, फोटो हटवला, पैसे भरले. त्या हंगामात फणसपोळीवर जे काही सुटलं होतं ते त्यात गेलं.

तेव्हापासून मालवण-वेंगुर्ल्याकडचे बागायतदार, बचत गट आणि घरगुती मसाले करणाऱ्या बायका यांची ऑनलाइन दुकानं लावून देताना मी पहिला प्रश्न फोटोंचाच विचारतो. माल अस्सल असतो, चव अस्सल असते, आणि फोटो मात्र कुणाचातरी उचललेला असतो.

कोकणात जमिनीचा व्यवहार करताना आपण डोळे झाकून विसार देत नाही. आधी सातबारा काढतो. कब्जेदार कोण, हिस्सेदार किती, इतर हक्कात कोणाचं नाव चढलंय ते बघतो. फोटोचंही अगदी तसंच आहे. फोटोत दिसणारा आंबा तुमच्या बागेतला असेल, पण फोटो हा वेगळा जिन्नस आहे आणि त्याचा मालक वेगळा असू शकतो. शिवाय त्याच्या 'इतर हक्कात' आणखी दोघं-तिघं असू शकतात: पेटीवरचं चित्र काढणारा, चौकटीत दिसणारी बाई, खेळणं रंगवणारा कारागीर. पुढचं सगळं हा सातबारा कसा तयार करायचा त्याबद्दल आहे.

आधी वही घाला

नवा फोटो काढायच्या आधी जुने मोजा. वेबसाइट, व्हॉट्सॲप कॅटलॉग, इन्स्टाग्राम, फेसबुक, मार्केटप्लेसवरची पानं, छापलेलं पत्रक, पेटीवरचं स्टिकर, सगळीकडचे. एक वही किंवा साधी एक्सेल शीट घ्या आणि प्रत्येक फोटोपुढे लिहा: फाइलचं नाव, कशाचा आहे, कोणी काढला, कधी, कोणत्या आधारावर आपण वापरतो, परवानगी कधीपर्यंत आहे, कुठे कुठे लावलाय आणि पुरावा कुठे ठेवलाय.

'कोणी काढला' हा रकाना भरताना हात अडला की समजायचं, हा फोटो बेवारस. तो गुगल लेन्समध्ये किंवा टिनआयमध्ये (फोटोवरून फोटो शोधून देणाऱ्या सोयी) टाकून बघा. मूळ ठिकाण सापडलं तर मालकाला विचारता येतं. नाही सापडलं, तर मालक नाही असं मात्र होत नाही. सापडला नाही इतकंच. असा फोटो त्याच दिवशी दुकानातून काढून टाका. जागा दोन दिवस रिकामी राहिली तरी चालेल. मसाल्याच्या पानावर नुसतं 'फोटो लवकरच' असं लिहून ठेवलेलं दुकान मी पाहिलंय आणि तिथे विक्री चालू होती.

मालक कोण, हे कायदा कसं ठरवतो

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात फोटो ही 'कलाकृती' धरली आहे. फोटो चांगला आहे की वाईट, कॅमेऱ्याने काढलाय की मोबाइलने, याने फरक पडत नाही. हक्क फोटो निघाल्या क्षणी तयार होतो. नोंदणी करावी लागत नाही, कोपऱ्यात © लिहावं लागत नाही. त्यामुळे "त्याच्यावर कुठे नाव होतं?" हा बचाव उभाच राहत नाही.

फोटो काढणारा तो त्याचा कर्ता, आणि साधारणपणे पहिला मालकही तोच. पण कलम १७ मध्ये एक अपवाद आहे आणि दुकानदाराने तो पाठ करून ठेवावा: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट काही ठरलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. इंटरनेटवरचे बहुतेक लेख अमेरिकेच्या कायद्यावर बेतलेले असतात आणि तिथलं उत्तर वेगळं आहे. म्हणून 'फोटोग्राफरला पैसे दिले तरी हक्क त्याचाच' असं वाचून घाबरू नका.

मात्र 'उलट काही ठरलं नसेल तर' हे शब्द नीट वाचा. अनेक स्टुडिओंच्या बिलामागे बारीक अक्षरात 'सर्व छायाचित्रांचे हक्क स्टुडिओकडे' असं छापलेलं असतं. ते ठरवणंच झालं. आणि मोबदला नसेल तर अपवाद लागूच होत नाही. मुंबईहून मे महिन्यात आलेल्या भाच्याने हौसेने बागेचे फोटो काढले, तर ते भाच्याचे. त्याला जाताना आंब्याची पेटी दिलीत, तर ती भेट की मोबदला, यावर वाद घालत बसावं लागेल. त्यापेक्षा चार ओळींचा कागद बरा. दुकानात पगारावर ठेवलेल्या माणसाने कामाचा भाग म्हणून काढलेले फोटो, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाचे.

मुदत किती? काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीआधी फोटोची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षं होती. सरकारी प्रकाशनातला फोटो फुकट असतो हाही एक गोड गैरसमज आहे. सरकारी कामालाही प्रसिद्धीपासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ काजूचा सुंदर फोटो एखाद्या सरकारी पानावर दिसला तर त्या पानाच्या अटी वाचा, नाहीतर त्या कार्यालयाला लिहा.

आता शिक्षेबद्दल, कारण 'काय होतंय' म्हणणारे खूप भेटतात. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण दुकान हे नफ्यासाठीच असतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्णय दिला. दिवाणी दाव्यात मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब मागता येतो. आणि हक्काचा मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात तो दावा लावू शकतो. म्हणजे फोटोवाला नागपूरचा असेल तर तारखांना देवगडहून नागपूरला जायची वेळ तुमच्यावर येऊ शकते.

'खाली श्रेय दिलं की चालतं' हेही चालत नाही. कायद्यातली सूट अभ्यास, समीक्षा, बातमी अशा कामांसाठी आहे, माल विकण्यासाठी नाही. आणि वॉटरमार्क पुसून फोटो लावणं तर दुप्पट वाईट. फोटोवर घातलेली मालकीची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा ठरतो, त्याला २ वर्षांपर्यंत कैद आहे.

स्वतःचे फोटो काढा. खरंच जमतं

माझं स्पष्ट मत आहे की कोकणातल्या छोट्या विक्रेत्याला दहापैकी नऊ फोटो स्वतःच काढता येतात आणि तेच विकतात. गिऱ्हाइकाला स्टुडिओतला आंबा नको असतो, तुमचा आंबा बघायचा असतो.

उजेड हे अर्धं काम. एप्रिल-मे मधलं दुपारचं ऊन फोटो जाळतं, आंब्यावर पांढरे डाग पडतात. सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास पडवीत, खळ्याच्या बाजूला पण थेट उन्हात नाही अशी जागा धरा. उजेड एका बाजूने येतो, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की सावली मऊ होते. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ तर फुकटचा स्टुडिओ आहे. जून-जुलैत माल कमी असतो, हात रिकामे असतात. कोकम, आगळ, मालवणी मसाला, कुळीथ पीठ, काजूगर असे टिकाऊ जिन्नस तेव्हाच काढून ठेवावेत.

मागे पांढरा ड्रॉइंग पेपर भिंतीवरून पाटावर वळवून लावा, कोपरा दिसता कामा नये. आगळाच्या बाटलीत खिडकी चमकते, तेव्हा बाटली थोडी तिरकी करा आणि मागून हलका उजेड येऊ द्या, म्हणजे तो गडद लाल रंग खरा उतरतो. आमसुलं काळी ढेकळं दिसू नयेत म्हणून दोन-तीन सुटी करून ठेवा. सोडे आणि सुकट पांढऱ्यापेक्षा फिकट निळ्या किंवा करड्या कागदावर उठून दिसतात. काजूगराच्या बाजूला एक मोजपट्टी ठेवून एक तरी फोटो काढाच.

प्रत्येक मालाचे निदान पाच फोटो घ्या: समोरून, जवळून, पॅकिंगसकट, हातात धरलेला म्हणजे आकार कळतो, आणि लेबल वाचता येईल असा. लेबलचा फोटो सोडू नका. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालाची किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता ही माहिती पानावर दिसायला हवी असं वैध मापनशास्त्राचे २०११ चे नियम सांगतात. ती लिहून द्यायचीच, फोटोनेही दिसली तर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग: मूळ फाइल जपा. मोबाइलच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल लपलेलं असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि ही माहिती गळून जाते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाइल एका हार्ड डिस्कवर आणि एका क्लाउडवर, हंगामवार फोल्डर करून ठेवा. न वापरलेले, हललेले, डोळे मिटलेले फोटोही ठेवा. उद्या कुणी म्हणालं की फोटो माझा, तर त्याच्याकडे एक फोटो असेल आणि तुमच्याकडे त्याच पाटावरचे चाळीस असतील. यापेक्षा बोलका पुरावा नाही.

फोटोग्राफरला बोलावलं तर

मोठं काम असेल, उदाहरणार्थ निर्यातीसाठी पुस्तिका, तर पैसे देऊन चांगला माणूस बोलवा. त्याच्या कष्टाचे पूर्ण पैसे द्या आणि कागद आधी करा.

आपल्याकडे बागेचे दोन व्यवहार सगळ्यांना माहीत आहेत. एक, खरेदीखत, बाग कायमची आपली. दुसरा, हंगामापुरती बाग कराराने घेणे: फळ आपलं, झाड मालकाचं. फोटोतही हेच दोन प्रकार. हक्क विकत घेणं म्हणजे खरेदीखत, त्याला लेखी आणि सहीचा कागद लागतो. परवाना म्हणजे करार, तोही लेखीच हवा. आणि कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. शिवाय घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, कागदात वेगळं म्हटलेलं नसल्यास, तो सुटतो. दुबईला आंबा पाठवणाऱ्याने 'फक्त भारत' असा हक्क घेऊन काय करायचं?

म्हणून बिलावर किंवा वेगळ्या कागदावर इतकं लिहून दोघांच्या सह्या घ्या:

'या बिलातील छायाचित्रे (दुकानाचं नाव) यांच्या सांगण्यावरून व मोबदला घेऊन काढली आहेत. त्यांचा कॉपीराइट संपूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी (दुकानाचं नाव) यांचा राहील. एक वर्षात वापर झाला नाही तरी हक्क संपणार नाही. छायाचित्रकार ही छायाचित्रे स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकेल.'

शेवटची ओळ मुद्दाम घाला. फोटोग्राफरला तिची गरज असते आणि तुमचं काही जात नाही. हक्क तुमचा झाला तरी 'हा फोटो मी काढला' असं सांगण्याचा आणि आपलं नाव खराब होईल अशी मोडतोड अडवण्याचा त्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे त्याच्याकडेच राहतो. तेव्हा त्याने काढलेल्या फोटोवर भडक पट्ट्या चिकटवण्याआधी त्याला एक फोन करा.

दुसऱ्याचा फोटो वापरायचाच असेल

दुसऱ्या कंपनीचा माल विकत असाल, तर तिच्या वेबसाइटवरचे फोटो आपोआप तुमचे होत नाहीत. वितरकाला मेल करा, 'आपल्या मालाचे अधिकृत फोटो आणि ते आमच्या वेबसाइटवर वापरायची परवानगी पाठवा' म्हणून. बहुतेक कंपन्यांकडे फोटोंचं तयार फोल्डर असतं. मेल जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर हातातलं पाकीट टेबलावर ठेवून स्वतः फोटो काढा. खरा माल विकताना कंपनीचं नाव सांगायला हरकत नसते, पण त्यांचं बोधचिन्ह दुकानाच्या माथ्यावर लावून आपण त्यांची शाखा असल्याचं भासवू नका.

गिऱ्हाइकाने पाठवलेला फोटो सोन्यासारखा असतो. ठाण्याच्या स्वयंपाकघरात उघडलेली तुमची पेटी, गवतात नीट बसलेले आंबे. पण तो फोटो गिऱ्हाइकाचा. तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणजे दुकानात लावायला दिला असं नाही. विचारा, आणि असं विचारा की उत्तर पुरावा म्हणून टिकेल:

'नमस्कार. आपण काल पाठवलेला आमच्या आंबापेटीचा फोटो आम्हाला वेबसाइटवर, इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲप कॅटलॉगमध्ये, जगभर दिसेल असा, ३ वर्षं, विनामोबदला वापरायचा आहे. आकारासाठी थोडा कापू, रंग बदलणार नाही. हवं असल्यास खाली आपलं नाव देऊ. फोटो आपण स्वतः काढला असेल आणि परवानगी असेल तर कृपया "फोटो माझा आहे, परवानगी आहे" असं उत्तर द्या.'

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे अशा इलेक्ट्रॉनिक मजकुराला लेखी कागदासारखी मान्यता आहे. परवान्याला एवढं पुरतं. कायमचा हक्क घ्यायचा तर सही लागते हे विसरू नका.

मोफत फोटोंची संकेतस्थळं आहेत, क्रिएटिव्ह कॉमन्सचे (म्हणजे मालकाने स्वतःच ठरावीक अटींवर खुले केलेले) परवाने आहेत. त्यांत 'सीसी बाय' म्हणजे नाव देऊन वापरा, धंद्यासाठीही चालतं. 'बाय-एसए' म्हणजे त्यात बदल करून केलेलं कामही त्याच अटींवर खुलं ठेवा. 'एनसी' दिसलं की हात मागे घ्या, तो धंद्यासाठी नाही. 'एनडी' म्हणजे बदललेली प्रत लोकांपुढे ठेवता येत नाही. 'सीसी झीरो' सगळ्यात मोकळा. गुगल इमेजेसमध्ये वापराच्या हक्कानुसार गाळणी लावता येते, पण तिच्यावर विसंबू नका. मूळ पानावर जाऊन परवाना स्वतः वाचा आणि त्या दिवसाचा स्क्रीनशॉट वहीला जोडा. विकतच्या स्टॉक फोटोंवर 'फक्त संपादकीय वापर' असं लिहिलेलं असेल तर दुकानात लावता येत नाही, आणि पेटीवर छापायचा असेल तर बऱ्याचदा वेगळा, महाग परवाना लागतो.

असे फोटो वेबसाइटच्या माथ्यावर समुद्रकिनारा किंवा माडांची रांग दाखवायला ठीक. मालाच्या जागी कधीच लावू नका. कारण पुढे येतंच आहे.

इतर हक्कातली नावं

सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी खेळणी किंवा गंजिफाचे पत्ते घेऊन ऑनलाइन विकणारे आता बरेच आहेत. तुम्ही डाव विकत घेतला, म्हणजे लाकूड, कागद, रंग विकत घेतला. त्यावर काढलेल्या नव्या चित्राचा कॉपीराइट चिताऱ्याकडेच आहे, आणि चित्राचा फोटो ही त्या चित्राची प्रत होते. कोणी कारागीर याला नाही म्हणत नाही, त्यालाही विक्री हवीच असते. पण खरेदीच्या चिठ्ठीवर 'विक्रीसाठी फोटो काढून ऑनलाइन दाखवण्याची परवानगी' एवढी ओळ घ्या आणि पानावर त्याचं नाव लावा. ज्याने तासन् तास बसून दशावतार रंगवला त्याचं नाव नसणं मला तर सहनच होत नाही.

पेटीचं आणि लेबलाचं चित्रही तपासा. छापखान्यातून तयार डिझाइनची पेटी घेतली असेल तर तेच चित्र शेजारच्या दहा बागायतदारांकडेही असतं, आणि ते मुळात कुठून आलं हे छापणाऱ्यालाही सांगता येत नाही. नवं डिझाइन करून घेताना डिझाइनरकडून हक्काचा सहीचा कागद घ्या. कलम १७ मधला 'सांगण्यावरून, मोबदला देऊन' हा अपवाद फोटो, रंगवलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्र, कोरीवकाम आणि चित्रपटापुरता आहे. लेबलाचं डिझाइन त्यात सरळ बसत नाही, म्हणून तिथे कागद फोटोपेक्षाही जास्त गरजेचा.

माणसं. मासळीच्या लिलावातल्या कोळणीचा फोटो सुंदर येतो, काजू फोडणाऱ्या हातांचाही. पण तिचा चेहरा तुमच्या सुक्या बोंबलांच्या जाहिरातीत लावायचा तर तिची लेखी संमती हवी. तिला मराठीत वाचून दाखवा, कुठे कुठे लावणार ते सांगा, फोटो दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या. मूल असेल तर आईबापांची. 'नको' म्हणाली तर नको. जमलं तर तिला काहीतरी द्याही. तिच्या चेहऱ्यावर तुमचा माल विकला जाणार आहे.

आणि हापूस. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी. वेंगुर्ल्याच्या काजूला, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला, अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही आहे. जीआयचं चिन्ह असलेल्या पेटीचा फोटो लावायचा तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. ती चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे होते. परराज्यातला आंबा 'देवगड हापूस' छापलेल्या पेटीत ठेवून फोटो काढणारे माझ्या डोक्यात जातात. ते कायद्याने तर चूक आहेच, पण त्यात आपल्या शेजाऱ्याचं वर्षभराचं मोहोर-फवारणी-राखण बुडतं.

फोटो तुमचा असला तरी खरा हवा

हक्काचा फोटो म्हणजे झालं असं नाही. चार डझनाच्या पेटीतल्या मोठ्या फळाचा फोटो लावून सात डझनाची पेटी पाठवली, तर फोटो तुमचा असूनही फसवणूक तुमचीच. आपल्याला माहीत असतं की त्याच पेटीत डझन वाढले की फळ लहान होतं. दादरच्या गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं. म्हणून प्रत्येक वजनाचा, प्रत्येक डझनाचा वेगळा फोटो काढा. मागच्या हंगामातला कापलेल्या आंब्याचा फोटो लावायचा तर 'फोटो मागील हंगामातील' असं खाली लिहा. काजूचा फोटो अख्ख्या गराचा आणि पिशवीत पाकळी, असं नको.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळली पाहिजे, आणि दाखवल्याप्रमाणे माल नसेल तर परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली उत्पादकाला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

एआयने बनवलेल्या फोटोंबद्दल हल्ली रोज विचारणा होते. स्वतःच्या फोटोमागची पसरलेली खोली पुसून साधा रंग लावायला एआय वापरा, हरकत नाही. पण आंबाच एआयने बनवू नका. तो आंबा जगात कुठेच नाही, मग तुम्ही विकताय काय? गुगलच्या खरेदी विभागात माल टाकताना एआयने बनवलेल्या चित्रात तशी नोंद फाइलमध्ये ठेवावी लागते. ती पुसू नका.

मार्केटप्लेसवर टाकण्याआधी

ॲमेझॉनवर मुख्य फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग मालाने भरलेला, त्यावर मजकूर किंवा वॉटरमार्क नसलेला लागतो. लांब बाजू १००० पिक्सेलच्या वर ठेवा म्हणजे मोठं करून बघता येतं. अशा मंचांवर फोटो चढवताना तुम्ही त्यांना तो वापरायचा व्यापक परवाना देत असता, आणि एकाच मालाच्या पानावर दुसरे विक्रेतेही तुमच्याच फोटोखाली विकू शकतात. म्हणून गिऱ्हाइकाकडून किंवा स्टॉकवरून 'फक्त आमच्या वेबसाइटसाठी' म्हणून घेतलेला फोटो तिथे चढवू नका. तो परवाना पुढे देण्याचा अधिकार तुमच्याकडे नसतो.

आपला फोटो दुसऱ्याने उचलला तर

दर महिन्याला आपले चार-पाच चांगले फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा. सापडला तर लगेच भांडायला जाऊ नका. आधी त्या पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट, पत्ता आणि तारीख दिसेल असा घ्या. मग मूळ फाइल शोधा. मग साधा, सभ्य निरोप: फोटो आमचा आहे, अमुक तारखेपर्यंत काढावा. बरेचजण माझ्यासारखेच असतात, माहीत नसल्याने केलेलं असतं, आणि निरोपाने काम होतं.

नाही झालं तर त्या मंचाच्या कॉपीराइट तक्रारीच्या अर्जावर तक्रार करा. भारतीय कायद्यात लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थ मंचाने ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो. हा रोख २१ दिवसांपुरता. त्या मुदतीत न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर ते फोटो पुन्हा लावू शकतात. म्हणून तक्रार करतानाच वकिलाशी बोलून ठेवा. फोटो फार मोलाचा असेल, पेटीवर, लेबलवर, सगळीकडे तोच असेल, तर कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन नोंदणी करून घ्या. कलाकृतीला ५०० रुपये फी आहे, मालासाठी वापरली जाणारी असेल तर २००० रुपये. सक्ती नाही, पण वादात उपयोगी पडते.

आणि नोटीस आपल्याला आली तर? त्याच तासाला फोटो सगळीकडून खाली घ्या: वेबसाइट, कॅटलॉग, जुन्या पोस्ट आणि सर्व्हरवरची फाइलसुद्धा, कारण पानावरून काढलेला फोटो थेट पत्त्याने दिसत राहतो. वही मात्र खोडू नका, मेल पुसू नका. मग समोरच्याकडे पुरावा मागा: मूळ फाइल, हक्काचा कागद, आणि तो मालकाच्या वतीने बोलत असेल तर अधिकारपत्र. पुरावा न बघता पैसे पाठवू नका, कारण खोट्या धमक्या देऊन पैसे मागणारेही असतात आणि बिनबुडाच्या धमकीविरुद्ध दाद मागायची सोय कलम ६० मध्ये आहे. पुरावा खरा निघाला तर चूक मान्य करून, किती दिवस वापरला, कुठे वापरला ते खरं सांगून रक्कम ठरवा, आणि 'या फोटोबाबत मागील सर्व वापराचा हिशेब मिटला' असं लेखी घेऊनच पैसे द्या. मी ते लेखी घेतलं नव्हतं. वर्षभराने आमच्या एका जुन्या फेसबुक पोस्टवर तोच फोटो राहिलेला निघाला आणि पुन्हा मेल आला. तो माणूस सज्जन होता, पोस्ट काढल्यावर त्याने विषय सोडला. आता त्या पानावर काकीने वाळत घातलेल्या फणसपोळीचा फोटो आहे. आमच्याच खळ्यातला, थोडा तिरका आलेला. वहीत त्याच्यापुढे 'काढला: स्वतः' एवढंच लिहिलंय.